जोडतेल

जनरेटरचा आवाज बदलला तेव्हा समिधा घाटगे कणीक मळत होती. एकसुरी घरघरीमध्येच कुणी पत्र्यावर हातोडी मारावी तसा ठणठणाट येऊ लागला. कणकेचे हात तसेच ठेवून तिने कान दिला. भिंतीवरच्या पडद्यावर सगळे आकडे हिरवे होते, म्हणजे केंद्र चालवणाऱ्या संगणकाच्या मते सारं आलबेल होतं. पण समिधाचं लहानपण कागलला वडिलांच्या इंजिन दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये गेलं होतं. हा आवाज तिला ठाऊक होता. इंजिन चुकीचं खात होतं.

'शुभ्रा' हे अंटार्क्टिकाच्या बर्फावर लोखंडी खांबांवर उभं असलेलं भारतीय संशोधन केंद्र. मे महिना संपत आला होता. सूर्य मावळला होता आणि आता जुलै सरेपर्यंत तो दिसणार नव्हता. शेवटचं जहाज मार्चमध्ये गेलं, पुढचं डिसेंबरात यायचं होतं. मधल्या काळात इथे काहीही पोचत नसे. केंद्रात माणसं दोनच होती. यंत्रं सांभाळणारी अभियंता समिधा आणि बर्फाचा अभ्यास करणारे डॉ. हेरंब पटवर्धन.

पूर्वी असं नव्हतं. दहा वर्षांपूर्वी समिधा पहिल्यांदा इथे हिवाळ्याला राहिली होती तेव्हा जेवणाच्या टेबलाभोवती वीस-बावीस माणसं दाटीवाटीने बसायची. कॅरमवर भांडणं व्हायची. स्वयंपाकी सोलापूरचा होता आणि त्याच्या शेंगाचटणीला उत्तर प्रदेशची मुलंसुद्धा सरावली होती. त्या वीसांपैकी चौघं नुसती तेल सांभाळायला होती, कारण पेट्रोल वेगळं यायचं आणि डिझेल वेगळं. वेगळ्या टाक्या, वेगळे नळ, वेगळे पंप. चुकून एकात दुसरं पडू नये म्हणून अहोरात्र जागता पहारा.

मग चाळण आली.

चाळण म्हणजे कार्बनचा एक अतिशय पातळ पडदा. त्याला रेणूंच्या मापाची छिद्रं. पेट्रोल आणि डिझेल दोन्ही खनिज तेलातूनच निघतात, दोन्ही कार्बन आणि हायड्रोजनच्या साखळ्या. फरक साखळीच्या लांबीचा. पेट्रोलच्या साखळ्या आखूड, म्हणून ते हलकं, चटकन उडून जाणारं. डिझेलच्या लांब, म्हणून ते जड, तेलकट, सावकाश. दोन्हींचं मिश्रण चाळणीवर दाबाने सोडलं की आखूड रेणू पलीकडे जात आणि लांब रेणू अलीकडे राहत. ना भट्टी, ना उंच मनोरे.

त्याच सुमाराला रस्त्यांवर विजेच्या गाड्या वाढल्या, तेलाचा खप उतरला. दोन तेलांसाठी जहाजं, टाक्या, टँकर यांच्या दोन साखळ्या पोसणं कुणालाच परवडेना. तेव्हा ठरलं की दोन्ही तेलं एकत्र करूनच पाठवायची. ज्याला जे हवं ते त्याने चाळणीतून काढून घ्यावं. लोकांनी त्या मिश्रणाला जोडतेल म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव राहिलं. शुभ्रावर एक टाकी, एक नळ आणि एक चाळण आली. तेल सांभाळणारी चौघं परत गेली. पाठोपाठ बाकीची कामंही यंत्रांकडे गेली आणि शेवटी टेबलाशी दोन खुर्च्या उरल्या.

समिधा हात पुसत जनरेटरच्या खोलीत गेली. फिल्टरखालच्या काचेच्या वाटीतलं थोडं तेल तिने कागदावर टाकलं. डिझेलचा डाग तेलकट होऊन बसून राहतो. इथे अर्ध्याहून अधिक ओल बघता बघता उडून गेली. पेट्रोल.

पेट्रोलचं इंजिन ठिणगीने पेटतं. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नसते. हवा इतकी जोराने दाबली जाते की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेट घेतं. पेट्रोल तसं सहज पेटत नाही. ते थांबतं, साचतं आणि मग एकदम भडकतं. तोच तो ठणठणाट. शिवाय डिझेल पंपाला वंगणाचं काम करतं, पेट्रोल पंप कोरडा पाडतं. समिधाने बटण दाबायच्या आतच पहिल्या जनरेटरचा पंप करकरत जाम झाला.

दिवे क्षणभर गेले आणि दुसरा जनरेटर सुरू झाला. त्याच्या छोट्या टाकीत आधी चाळलेलं शुद्ध डिझेल होतं. तेवढ्यावर काटकसरीने फार तर तीन आठवडे निघाले असते. तिने चाळणीचं आवरण उघडलं. मागच्या वादळात तिला ऊब देणारी पट्टी बंद पडली होती आणि पडद्याला उभे तडे गेले होते. संगणक फक्त दाब मोजत होता. पडद्यातून काय जातंय हे विचारायचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. जादा चाळण बाहेरच्या कंटेनरमध्ये होती, थंडीने तिचेही तेच हाल झाले होते.

मुख्यालयातल्या सरदेसाईंशी ती बोलली. सरदेसाई चांगले अभियंते होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन दिवस तज्ज्ञांना विचारलं आणि शेवटी कबूल केलं की चाळण तिथे दुरुस्त होणार नाही. वीज वाचवा, एवढंच ते सांगू शकले. उपग्रहाच्या अँटेनावरचा बर्फ वितळवायला खूप वीज जाई, म्हणून समिधाने तिची ऊब बंद केली. आता देशाशी बोलणं बंद. छोट्या उपग्रह-फोनवरून दिवसातून एकदा चार ओळींचे निरोप तेवढे जाणार-येणार होते.

त्याचा अर्थ तिची मुलगी ईराही आता आवाजातून नव्हे, ओळींतून भेटणार होती. ईरा बारावीला, कोल्हापुरात मामाकडे. आईने दुसऱ्यांदा अंटार्क्टिकाला जाऊ नये असं तिने सांगितलं होतं आणि आई गेली होती. तेव्हापासून ईरा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देई, स्वतःहून काही विचारत नसे.

पटवर्धनांना हे सगळं सांगायला समिधा त्यांच्या प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली तेव्हा तिला जाणवलं की आपण या दारापर्यंत एप्रिलनंतर पहिल्यांदाच आलोय. जहाज गेल्यावर महिन्याभरात चिपळूणला पटवर्धनांचे वडील वारले. परत जाता येणं शक्यच नव्हतं. समिधाने दोन शब्द बोलून दाखवले होते, ते तिच्याच कानाला पोकळ लागले होते. मग त्यांना एकटं राहू द्यावं असं वाटून ती बाजूला झाली. त्यांनी जेवायची वेळ बदलली. पुढे कुणीच ती परत जुळवली नाही. पन्नाशीतला तो उंच, वाकून चालणारा माणूस भिंतीपलीकडे राहत होता आणि समिधाला त्याची चाहूल फक्त नळाच्या आवाजावरून लागे.

त्यांनी शांतपणे ऐकलं. चाळण येण्याआधी तेल कसं वेगळं करत, असं विचारलं. तिने सांगितलं, उकळून. पेट्रोल पस्तीस-चाळीस अंशांपासून उडायला लागतं ते दोनशेपर्यंत. डिझेलचा बराचसा भाग त्याच्यानंतर. मिश्रण तापवायचं, आधी निघेल ती वाफ थंड करून बाजूला घ्यायची, मागे उरतं ते डिझेल. पण त्यासाठी पेट्रोलच्या वाफांनी भरलेलं भांडं दोनशे अंशांपर्यंत तापवायचं. इथे आग लागली तर विझवायला पाणी नाही, सगळा बर्फ. आणि पळून जायला दुसरं छप्पर नाही.

समिधा परत आली आणि हीटर कुठे जोडता येईल याची आकृती काढत बसली.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः जनरेटरच्या खोलीत आले. ढकलगाडीवर त्यांचा हवा शोषून घेणारा निर्वात पंप होता.

"मी लेहला चार वर्षं काढली," ते म्हणाले. "तिथे कुकर नसेल तर डाळ शिजत नाही. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं, पुरेसं तापतच नाही. तुमच्या भांड्यातली हवा काढून घेतली तर पेट्रोलसुद्धा लवकर उकळेल. दोनशे अंश लागणार नाहीत. ऐंशी-पंच्याऐंशी पुरतील."

ऐंशी-पंच्याऐंशी अंशांचं पाणी तर जनरेटर स्वतःच देत होता, इंजिन थंड करून बाहेर पडणारं. ज्वाळा नको, हीटर नको. आणि भांड्यात हवाच नसेल तर आत आग धरायलाही काही नाही. समिधाच्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. पण तिची नजर पंपावर होती.

बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे हजारो वर्षांपूर्वीच्या हवेचे असतात. तीन उन्हाळे खोदून पटवर्धनांनी खडकापर्यंतचा बर्फ वर काढला होता. त्यातली हवा ते या पंपाने थेंब थेंब ओढून मोजत होते. खालचे, सर्वांत जुने तुकडे अजून बाकी होते. बर्फ एकदा वर आला की त्यातली हवा हळूहळू निसटते, त्यामुळे ते याच हिवाळ्यात मोजायला हवे होते.

"यात एकदा पेट्रोलची वाफ गेली की..." समिधा म्हणाली.

"माहीत आहे."

"दुसरा पंप नाही ना तुमच्याकडे?"

"नाही." मग ते म्हणाले, "तुम्ही मागितला नसतात, म्हणून घेऊन आलो."

पहिल्या दिवशी त्यांनी तेलाचं रिकामं पिंप वापरलं. हवा निघायला लागली तसं बाहेरच्या हवेच्या दाबाने ते पिंप, कागदी पेला मुठीत चुरगाळावा तसं, दोघांच्या डोळ्यांसमोर चेपत गेलं. मग त्यांनी न्हाणीघरातला जुना जाड पत्र्याचा बंब सोडवून आणला. त्याच्याभोवती गरम पाण्याची नळी गुंडाळली, तोंडाला तांब्याची नळी जोडून ती भिंतीतून बाहेरच्या उणे चाळीस अंशांत काढली आणि तिथल्या बंद डब्यात उतरवली. पंप त्या डब्याच्या पलीकडे. बाहेरची थंडी फुकट होती आणि पहिल्यांदाच ती त्यांच्या बाजूने काम करत होती.

बंबातलं जोडतेल खदखदलं. खिडकीबाहेरच्या डब्याच्या काचेत पाण्यासारखं स्वच्छ पेट्रोल गळू लागलं. ते गळायचं थांबलं तेव्हा समिधाने बंबातलं तेल कागदावर टाकलं. डाग बसून राहिला. त्यात जड पेट्रोलचा थोडा अंश होताच, पण पंपाला जपायला तिने जरासं वंगणतेल मिसळलं आणि दुसऱ्या जनरेटरला दिलं. तो दोनदा खोकला आणि चालत राहिला.

दोघंही खाली जमिनीवर बसली. पटवर्धन हसत होते. समिधाला त्यांचं हसू आठवतच नव्हतं.

पण बंब लहान होता. केंद्राची भूक भागवायची तर तो दिवसरात्र चालवायला हवा होता. आणि त्याच्यापाशी कुणीतरी हवं होतं. तेल फेसाळून नळीत चढलं तर सगळं मिसळून जाई. सांधा सुटून बंबात हवा शिरली तर तापलेल्या पेट्रोलची वाफ खोलीत भरे. म्हणून सहा-सहा तासांच्या पाळ्या ठरल्या. एक जागा तेव्हा दुसरा झोपलेला. हजार मैलांत दोनच माणसं आणि ती एकमेकांना भेटत ती फक्त पाळी बदलताना.

तरी तेवढ्या वेळात दोघं बोलू लागली. पटवर्धनांचे वडील पोस्टात होते. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी पोस्टाच्या वेळेला ते तयार होऊन ओट्यावर बसत. शेवटचे पाच दिवस ते ओट्यावर आले नाहीत, असं बहिणीने कळवलं होतं. हे एवढं सांगायला पटवर्धनांना तीन पाळ्या लागल्या. समिधाने ईराचं सांगितलं. सल्ला कुणी कुणाला दिला नाही. घड्याळ बघून एक जण झोपायला जाई.

जूनच्या मध्यापर्यंत दोघंही इतकी थकली की तेही कमी झालं. "सांधा बघा, ओलसर वाटतोय." "बरं." बस. उरलेला वेळ समिधा एकटीच उलट्या खोक्यावर बसून काचेत पडणारे थेंब बघे. बाहेर काळोख, आत एकच आवाज. ईराचे निरोप लहान होत गेले. परीक्षा झाली. मामी बरी आहे. मग आठवडाभर काहीच नाही. समिधा तिला लिहायला बसे आणि चार ओळीही भरत नसत. काय लिहायचं? आज थेंब पडले.

ती दुपार होती, घड्याळापुरती. बंबाच्या झाकणाचा सांधा सुटला, आत हवा शिरली आणि तापलेल्या पेट्रोलची वाफ बाहेर येऊ लागली. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. भिंतीवरचा भोंगा वाजला. समिधाने तो ऐकला. काय झालंय हे तिला नीट कळलं. झडप बंद करायची, दार उघडायचं, दोन पावलांचं काम. उठायला हवं, असं तिच्या मनात आलं आणि ते तिथेच राहिलं, जणू दुसऱ्या कुणाबद्दलचं असावं. भोंगा वाजत होता. तिला शांत वाटत होतं. गोडसर वास येत होता आणि खोक्यावरून खाली सरकताना तिला बरंच वाटलं.

पटवर्धनांची पाळी अजून दोन तासांनी होती. झोप लागेना म्हणून ते चहा करायला उठले होते आणि समिधाही घेईल का हे विचारायला आले होते. त्यांनी तिला काखेत हात घालून ओढत बाहेर काढलं, झडप बंद केली, बाहेरचं दार सताड उघडलं. उणे चाळीसची हवा आत घुसली तशी समिधा खोकत शुद्धीवर आली.

"भोंगा ऐकू आला नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे बघितलं. भोंगा अजून वाजत होता, त्यांना एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं. संध्याकाळी त्यांनी आपली गादी उचलली आणि जनरेटरच्या खोलीबाहेरच्या बोळात टाकली. तिथे ऊब जास्त आहे, असं ते म्हणाले. त्या दिवसापासून ते तिथेच झोपू लागले. घोरत ते भयंकर. समिधा आपल्या पाळीत दार किलकिलं ठेवून बसू लागली.

दोन दिवसांनी तिने ईराला खरं ते लिहिलं. मला इथे फार एकटं वाटतं आणि तुझं ऐकायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "कधी येतेस?" समिधाने ते पटवर्धनांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून ते वाचलं, पुन्हा लावून वाचलं.

जुलै सरता सरता क्षितिजावर तांबूस कड दिसली. मग सूर्याचा तुकडा. दिवस वाढत गेले, छतावरचे सौर पत्रे थोडी वीज देऊ लागले. बंब चालूच राहिला. ऑक्टोबरात अँटेना पुन्हा सुरू केली आणि सरदेसाईंचा चेहरा पडद्यावर आला.

त्यांना खरोखर आनंद झाला होता. मुख्यालयात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ते कामाचं बोलू लागले. बंबाची कल्पना इतकी साधी आणि पक्की होती की ती सगळ्या दुर्गम केंद्रांवर न्यायचं ठरलं होतं. झडपा आपोआप चालतील, फेस आला की ताप कमी होईल, वाफ निसटली की भोंगा वाजेल. दोघांनी सगळा हिवाळा हाताने निभावला, तर आता यंत्राच्या मदतीने पुढच्या हिवाळ्याला एकच माणूस पुरेल, असा प्रस्ताव तयार होता. त्यासाठी एक तरुण अभियंता निवडलाही होता, हुशार, उत्साही. फक्त समिधाचं मत हवं होतं. तिच्याइतकं ते यंत्र कुणालाच माहीत नव्हतं.

"एक माणूस पुरेल ना, घाटगे?"

यंत्रापुरतं विचारलं तर उत्तर होय असंच होतं. समिधाला ते ठाऊक होतं आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या पटवर्धनांनाही. नाही म्हणायला तिच्याकडे तांत्रिक कारण एकही नव्हतं. जे होतं ते सांगितलं तर या बर्फावर पुन्हा कुणी तिला पाठवणार नव्हतं.

"जूनमध्ये वाफ गळाली होती," ती म्हणाली. "मी अहवालात लिहिलंय, की मी बेशुद्ध पडले आणि डॉक्टरांनी बाहेर काढलं."

"हो, वाचलंय. म्हणूनच आता चांगला भोंगा देतोय."

"भोंगा तेव्हाही चांगलाच होता. मी ऐकला होता." "शुद्धीवर असताना ऐकला. काय करायचं तेही माहीत होतं. मी उठले नाही."

पडद्यावर सरदेसाईंनी समोरची फाईल मिटली.

"का?" त्यांनी विचारलं. अधिकाऱ्यासारखं नाही, हळू.

"ते मला सांगता येत नाही. पण त्या मुलाला एकट्याला पाठवू नका."

सरदेसाईंनी पटवर्धनांकडे बघितलं. पटवर्धन म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं. मी बोललो नाही. बोळात झोपलो, ते त्यासाठी." मग ते म्हणाले, "आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीही."

निर्णय व्हायला वेळ लागला. बैठका झाल्या, डॉक्टरांचं मंडळ बसलं. समिधाच्या नावापुढे हिवाळी मुक्कामासाठी अपात्र असा शेरा पडला, तो कायमचा. पटवर्धनांच्या सर्वांत जुन्या बर्फातली हवा मोजायची राहिली ती राहिलीच. प्रस्ताव मात्र मागे घेतला गेला. यंत्रांना एक माणूस पुरेल की शून्य, याच्याशी संबंध न ठेवता, शुभ्रावर हिवाळ्यात तिघांपेक्षा कमी माणसं राहणार नाहीत, असा नियम झाला.

डिसेंबरात जहाज आलं. नवी तिघं उतरली. तो तरुण अभियंता, एक डॉक्टर आणि हवामान बघणारी एक मुलगी. जानेवारीभर समिधाने त्यांना बंब शिकवला. पटवर्धन पहिल्याच फेरीने परतले होते, चिपळूणला.

मार्चमध्ये जहाज निघालं तेव्हा समिधा कठड्याशी उभी होती. बर्फाच्या कडेवर लाल जाकिटातली तिन्ही माणसं निरोप द्यायला आली होती. त्यातली दोघं जहाजाकडे बघतही नव्हती. हातवारे करत कशावरून तरी वाद घालत होती. तिसरी मधूनमधून त्यांना काहीतरी सुनवत होती आणि मधूनमधून हात हलवत होती. ठिपके एक होईपर्यंत समिधा तिथून हलली नाही.